पाखरांची वाट आणि पृथ्वीचे चुंबकत्व

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त मंठाळ, जिल्हा बिदर येथे भरलेल्या ग्रामस्थ व शिक्षकांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



१९२८ साली २८ फेब्रुवारी रोजी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाविषयीचा तो विख्यात शोध लागला, आणि त्याच्या स्मरणार्थ १९८७ सालापासून हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी विज्ञानातील एखादा विषय सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा, अशी प्रथा आहे. माझे शिक्षण कलाशाखेचे आहे. प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेलेले नाही. तथापि जो विषय आज मी निवडला आहे, तो प्रयोगशाळेइतकाच शेताच्या बांधावरचाही आहे. पशुपक्ष्यांना पृथ्वीचे चुंबकत्व जाणवते काय, आणि जाणवत असल्यास ते कसे, हा तो विषय होय.

हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या शेतावर भोरड्यांचे थवे कसे उतरतात, हे आपणांस मी सांगावयास नको. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराला त्यांचा उपद्रव चांगलाच ठाऊक आहे. गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची ही पाखरे इथली कायमची रहिवासी नव्हेत. त्यांची घरटी मध्य आशियाच्या माळरानांत असतात. तेथे ती टोळ आणि नाकतोडे खाऊन तिकडील शेतकऱ्याचे भले करतात, आणि पिल्ले मोठी झाली म्हणजे पर्वत, वाळवंटे व नद्या ओलांडून आपल्या मुलुखात येतात. उन्हाळा चढू लागला की ती पुन्हा परत जातात. त्यांच्याजवळ नकाशा नाही, वाटेवर मैलाचे दगड नाहीत. मग ही वाट त्यांना सापडते तरी कशी?

या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर भोरडीच्याच कुळातील एका पक्ष्याने दिले. युरोपातील स्टार्लिंग या पक्ष्यावर जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह क्रामर यांनी १९५० च्या सुमारास काही प्रयोग केले. पिंजऱ्यात येणारा सूर्यप्रकाश त्यांनी आरशांच्या साह्याने दुसऱ्या बाजूने आत सोडला, तेव्हा पक्ष्यांनीही आपली उडण्याची दिशा त्या प्रमाणात बदलली. सूर्याकडे पाहून, आणि दिवसाची वेळ ध्यानात घेऊन, पक्षी दिशा ठरवितात हे यावरून सिद्ध झाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी तारांगणाच्या कृत्रिम आकाशाखाली पक्षी ठेवून असे दाखविले की, रात्री प्रवास करणारे पक्षी ताऱ्यांच्या फिरण्यावरून उत्तर दिशा ओळखतात. पण आकाश ढगांनी भरून गेले तर काय? सूर्य नाही आणि तारेही नाहीत, तरी पाखरे वाट चुकत नाहीत. म्हणजे आणखी एखादे साधन त्यांच्यापाशी असले पाहिजे, अशी शंका येणे स्वाभाविक होते.

ते साधन समजून घेण्यासाठी प्रथम पृथ्वीच्या चुंबकत्वाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या लोखंडाचा प्रचंड साठा आहे. त्याच्या हालचालींमुळे वीजप्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे सारी पृथ्वी एखाद्या मोठ्या चुंबकासारखी वागते. हे चुंबकत्व अत्यंत क्षीण आहे. फ्रीजच्या दाराला चिकटविण्याचे साधे चुंबकसुद्धा जवळून पाहिले तर याच्या शंभरपटीच्या घरात प्रबळ असते. मात्र पृथ्वीचे चुंबकत्व सर्व ठिकाणी आहे. रात्री आहे आणि ढगांखालीही आहे.

येथे जमलेल्या शिक्षक बंधूंना मी एक सोपा प्रयोग सुचवितो. एक लांबसे दाभण घ्यावे, त्याच्या मध्यावर दोरा बांधून ते अगदी आडवे, तोलून टांगावे. नंतर दोरा न हलविता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकाच दिशेने, चांगले चुंबक वीसपंचवीस वेळा फिरवावे. जवळपास लोखंडी वस्तू नसेल अशा जागी ते पुन्हा टांगले म्हणजे दोन गोष्टी दिसून येतील. दाभण दक्षिणोत्तर स्थिर होईल, हे तर सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याचे उत्तरेकडील टोक थोडेसे जमिनीकडे झुकेल, ही दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या झुकण्याला चुंबकीय नती म्हणतात. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तेथे ही नती शून्य असते. आपल्या या भागात ती वीस ते पंचवीस अंशांच्या दरम्यान भरते. जर्मनीत ती पासष्ट अंशांच्या पलीकडे जाते आणि चुंबकीय ध्रुवावर सूची सरळ खाली पाहते. म्हणजे ज्याला ही नती मोजता येईल, त्याला आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत याचाही अंदाज करता येईल. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

या चुंबकत्वाची साक्ष आपल्या पायाखालीही आहे. आपण ज्याने विहिरी बांधतो आणि घरांच्या भिंती रचतो, तो दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडला. लाव्हा निवताना त्यातील लोहयुक्त कणांवर त्या काळच्या चुंबकत्वाची दिशा कायमची कोरली गेली. १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि इंग्लंडमधील संशोधकांनी हे दगड मोजून पाहिले. हा पाषाण घडला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, असे त्या मोजणीतून निघाले. बऱ्याच थरांत चुंबकत्वाची दिशा आजच्या अगदी उलट आहे, म्हणजे तेव्हा पृथ्वीच्या चुंबकाचे ध्रुवच उलटे होते, असेही आढळले. या उलट्या ध्रुवांकडे आपल्याला थोड्या वेळाने परत यावयाचे आहे.

इतके क्षीण चुंबकत्व अचूक मोजावयाचे तर किती काळजी घ्यावी लागते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून चुंबकीय निरीक्षणे होत असत. १८५९ सालच्या सप्टेंबरात सूर्यावरील उत्पातामुळे जे जबरदस्त चुंबकीय वादळ झाले, त्याची कुलाब्यातील नोंद आजही जगातले शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे घाटू लागले. त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांनी ओळखले की, ट्रामच्या वीजप्रवाहांमुळे आपल्या सूची निरर्थक हलू लागतील आणि साठ वर्षांची नोंदमाला कुचकामी होईल. म्हणून समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्यासाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड मुद्दाम निवडण्यात आला. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे करून जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा पक्का जुळविण्यात आला. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा अलिबागचे काम सुरळीत चालले होते. १९७१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आज ही परंपरा आहे. शहराची वीज सूचीला भुलविते, हे मूस यांनी त्या काळी ओळखले. तीच वीज पाखराला भुलविते काय, हा प्रश्न जगाने विचारावयास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

आता आपण पाखरांकडे वळू. आपल्या अंगणातील दयाळ ज्या कुळातला, त्याच कुळातला तांबड्या छातीचा रॉबिन नावाचा एक पक्षी युरोपात आहे. हिवाळा जवळ आला की तो रात्रीच्या वेळी उबदार प्रदेशाकडे निघतो. पिंजऱ्यातला रॉबिनसुद्धा त्या दिवसांत रात्रभर बेचैन होऊन ज्या दिशेला जावयाचे त्या बाजूस फडफडतो. फ्रँकफुर्ट येथे वोल्फगांग विल्चको या तरुण संशोधकाने १९६० नंतरच्या दशकात याच बेचैनीचा उपयोग करून घेतला. पक्ष्याला सूर्य वा तारे मुळीच दिसणार नाहीत अशा बंद खोलीत त्यांनी पिंजरा ठेवला आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेची मोठी वेटोळी उभारली. त्या वेटोळ्यांतून वीज सोडून त्यांनी खोलीतील चुंबकीय उत्तर दुसरीकडे फिरविली. तेव्हा रॉबिननेही आपली फडफडण्याची बाजू तितकीच फिरविली. बाकी सारे तेच होते. एक चुंबकत्व तेवढे बदलले होते, आणि त्याबरोबर पाखराची दिशा बदलली होती.

प्रारंभी अनेक शास्त्रज्ञांनी या निष्कर्षावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यात गैर काही नव्हते. विल्चको यांनी व त्यांच्या पत्नी रोझविथा यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केले. १९७२ साली त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक नवल उघड झाले. रॉबिनला उत्तर कोणती आणि दक्षिण कोणती हे सूचीसारखे कळतच नाही. चुंबकरेषा कोणत्या बाजूने जमिनीकडे झुकल्या आहेत एवढेच त्याला जाणवते, आणि झुकलेली बाजू म्हणजे ध्रुवाकडची बाजू असे तो मानतो. आपल्या दाभणाच्या प्रयोगातील जी दुसरी, दुर्लक्षित गोष्ट, तीच पाखराच्या दृष्टीने मुख्य होय. आणि म्हणून काळ्या पाषाणात नोंदल्याप्रमाणे पृथ्वीचे ध्रुव उलटे झाले तरी रेषांचा झुकाव जोवर टिकून आहे तोवर या पद्धतीने चालणाऱ्या पाखराची वाट चुकणार नाही. माणसाने केलेले होकायंत्र मात्र त्या वेळी उलटी दिशा दाखवील.

कबुतरांवरील प्रयोगांची हकीकत थोडी निराळी आहे, आणि मला ती फार बोधप्रद वाटते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे विल्यम कीटन यांनी काही कबुतरांच्या अंगावर लहान चुंबक बांधले आणि इतरांच्या अंगावर तेवढ्याच वजनाच्या पितळेच्या पट्ट्या बांधल्या. पितळेची पट्टी कशासाठी, असे कोणी विचारील. केवळ ओझ्यामुळे पाखरू गोंधळले असे म्हणण्यास जागा राहू नये, यासाठी ती होती. १९७१ साली त्यांनी असे प्रसिद्ध केले की, ढगाळ दिवशी चुंबक बांधलेली कबुतरे गोंधळली आणि पितळवाली बरोबर घराच्या दिशेने निघाली. स्वच्छ उन्हात मात्र दोन्ही सारखीच होती, कारण तेव्हा सूर्य त्यांच्या मदतीला होता. हा निष्कर्ष जगभर गाजला. परंतु त्यानंतर कीटन यांनीच जे आणखी प्रयोग केले होते, त्यांच्या नोंदी त्यांच्या निधनानंतर १९८८ साली तपासण्यात आल्या, तेव्हा तो परिणाम त्यांत नीटसा आढळला नाही. गाजलेला प्रयोगही पुन्हा तपासावा लागतो, आणि तपासण्याजोग्या नोंदी मागे ठेवणारा संशोधक विज्ञानाची मोठी सेवा करतो, हे यावरून दिसते.

पाखरांकडून आता समुद्राकडे जाऊ. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील केनेथ लोमन यांनी समुद्री कासवांच्या पिल्लांवर अनेक वर्षे काम केले. पाण्याच्या हौदात पिल्लाला सैलसा पट्टा बांधून पोहू द्यावयाचे आणि भोवतालच्या वेटोळ्यांनी अटलांटिक महासागरातील एखाद्या दूरच्या जागेचे चुंबकत्व तेथे निर्माण करावयाचे, अशी त्यांची रीत होती. समुद्र कधीही न पाहिलेले पिल्लू पोर्तुगालजवळच्या चुंबकत्वात ठेवले की दक्षिणेकडे पोहू लागे. खऱ्या समुद्रात त्या जागी दक्षिणेकडे वळले तरच ते उबदार प्रवाहात टिकते. उत्तरेकडे वाहून गेले तर थंडीने मरते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामावरून कळले की, कासवाला नुसती दिशा कळते असे नव्हे, आपण कोणत्या जागी आहोत याचाही सुगावा त्याला चुंबकत्वातून लागतो. जागोजाग बदलणारी नती आणि बदलणारे बळ हा जणू त्या जागेचा पत्ताच होय.

२०२५ साली त्याच विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका जागेच्या चुंबकत्वात कासवांना खाद्य दिले आणि दुसऱ्या जागेच्या चुंबकत्वात दिले नाही. काही काळाने खाद्याच्या जागेचे चुंबकत्व निर्माण होताच ती कासवे पाण्याबाहेर तोंड काढून, आ वासून, पंख हलवीत गिरक्या घेऊ लागली. पेंडीची बादली वाजली की गोठ्यातील म्हैस जशी मान वर करते, तसेच हे झाले. चुंबकत्वाचा पत्ता कासव शिकू शकते आणि लक्षातही ठेवते, हे त्यावरून सिद्ध झाले.

याच वर्षी आपल्या कोकण किनाऱ्यावर एक घटना घडली. ओडिशातील गहिरमाथा येथे १८ मार्च २०२१ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी ऑलिव्ह रिडले जातीच्या एका मादी कासवाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली होती. तीच मादी २७ जानेवारी २०२५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा तो प्रवास होता. दोन्ही किनाऱ्यांवरील कासवांचा परस्परांशी संबंध नसावा, ही समजूत त्या एका पट्टीमुळे सैल झाली. ती मादी चुंबकत्वाच्या आधारे आली, असे मी म्हणणार नाही, कारण वाटेत तिच्यावर कोणताही प्रयोग झालेला नाही. पण पट्टी लावणारा हात ओडिशात, ती वाचणारा डोळा गुहागरात, आणि दोन्हींमध्ये नीट ठेवलेली एक नोंद, एवढ्या सामग्रीवर केवढे ज्ञान उभे राहते पहा.

आता साहजिकच असा प्रश्न येतो की, ही जाणीव कोणत्या अवयवात आहे? पाहण्यास डोळा आहे, ऐकण्यास कान आहे. चुंबकत्वासाठी काय आहे? येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, पाखरांच्या बाबतीत शोध अद्याप चालू आहे. सर्वांत स्पष्ट उत्तर सर्वांत लहान जीवांत मिळाले. १९७५ साली अमेरिकेतील रिचर्ड ब्लेकमोर यांनी चिखलातील काही जिवाणूंच्या शरीरात लोहचुंबकी खनिजाच्या कणांची माळ असल्याचे प्रसिद्ध केले. त्या माळेमुळे जिवाणू चुंबकरेषांना समांतर वळतो आणि झुकलेल्या रेषेवरून खाली, चिखलाकडे जातो. लोणार सरोवरातूनही असे जिवाणू मिळाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले आहे. कबुतराच्या चोचीतही असेच लोहकण सापडले, तेव्हा प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटले. पण २०१२ साली डेव्हिड कीज यांच्या गटाने ते बारकाईने तपासून दाखविले की, त्या पेशी मज्जातंतूंच्या नसून शरीराचे रक्षण करणाऱ्या, जंतू गिळणाऱ्या पेशी आहेत.

दुसरा विचार क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ साली मांडला. प्रकाशामुळे घडणाऱ्या काही रासायनिक क्रियांवर अत्यंत क्षीण चुंबकत्वाचाही परिणाम होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाखराच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनाकडे बोट दाखविले. या कल्पनेला आधार असा की, तांबड्या प्रकाशात ठेवलेल्या पाखरांना दिशा सापडेना, हिरव्या वा निळ्या प्रकाशात ती सापडे. २०२१ साली रॉबिनच्या डोळ्यातील हे प्रथिन प्रयोगशाळेत तपासण्यात आले आणि परीक्षानळीत ते चुंबकत्वाला दाद देते असे आढळले. जिवंत पाखराच्या डोळ्यात तसेच घडते, हे सिद्ध होणे अजून बाकी आहे.

मूस यांच्या ट्रामची आठवण मी मघाशी दिली होती. तिच्या जोडीला ठेवण्यासारखी गोष्ट जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठात घडली. तेथे हेन्रिक मौरित्सन यांच्या गटाने विद्यापीठाच्या आवारातील लाकडी खोल्यांत रॉबिन ठेवले, तेव्हा त्यांना दिशाच सापडेना. अखेर खोल्यांना आतून अॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी तारेने जोडले, तेव्हा पाखरे ताळ्यावर आली. जमिनीशी असलेली जोडणी काढली की पुन्हा गोंधळ! शहरातील विजेच्या उपकरणांतून आणि रेडिओ प्रक्षेपणातून निघणाऱ्या क्षीण लहरी त्यांचे होकायंत्र बिघडवीत होत्या. गावाबाहेर, शेतांच्या बाजूस नेलेल्या पाखरांना पत्र्यांवाचूनही दिशा सापडली. सात वर्षे हे प्रयोग चालले. कोणत्या खोलीत कोणती स्थिती आहे हे निरीक्षण करणाऱ्यालाही कळू दिले जात नव्हते, म्हणजे मनातील अपेक्षा नोंदीत उतरू नये. २०१४ साली हे काम प्रसिद्ध झाले.

बंधुभगिनींनो, या ठिकाणी मला एक सावधगिरीची सूचना करावयाची आहे. या प्रयोगाचा दाखला देऊन, मोबाईलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या नाहीशा झाल्या असे बोलले जाते. ओल्डेनबुर्गच्या प्रयोगात ज्या लहरींचा परिणाम दिसला, त्या पन्नास किलोहर्ट्झ ते पाच मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील, म्हणजे मध्यमलहरी रेडिओच्या आसपासच्या होत्या. मोबाईलच्या लहरी याहून कितीतरी वरच्या आहेत आणि घरातील पन्नास हर्ट्झची वीज कितीतरी खालची आहे. त्या दोन्हींविषयी या प्रयोगाने काही सांगितलेले नाही. तेव्हा जेवढे सिद्ध झाले तेवढेच बोलावे.

हाच नियम आपल्या घरातही लागू आहे. उत्तरेकडे डोके करून झोपू नये, या जुन्या समजुतीला पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार आहे असे अलीकडे सांगितले जाते. पाखरांवरील वा कासवांवरील प्रयोगांतून तसे काहीही निघत नाही. जत्रेत वा बाजारात सांधेदुखीवर चुंबकाचे पट्टे आणि कडी विकली जातात, आणि पशुपक्ष्यांना चुंबकत्व कळते म्हणून माणसाचे दुखणे चुंबकाने बरे होते असा युक्तिवाद केला जातो. रॉबिनला दिशा कळणे आणि म्हातारपणी गुडघा दुखणे यांचा परस्परांशी संबंध नाही. कष्टाचा पैसा त्यापायी घालविण्यापेक्षा आरोग्य केंद्रात जाणे श्रेयस्कर होय. तसेच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप या भागातील वडीलधाऱ्या माणसांच्या स्मरणातून गेलेला नाही. जनावरांना भूकंप चुंबकत्वातून आधी कळतो, असे अधूनमधून ऐकू येते. जनावरांच्या वागण्यावरून भूकंपाचे भाकीत करण्याची कोणतीही सिद्ध पद्धत आज उपलब्ध नाही. आपला खरा बचाव मजबूत बांधलेल्या घरात आहे.

मग आपण काय करावे? शिक्षकांना मी आणखी एक काम सुचवितो. २००८ साली झेक व जर्मन संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून ३०८ कुरणांतील ८,५१० गुरांची पाहणी केली आणि चरणारी वा बसलेली गुरे बहुधा दक्षिणोत्तर रोखाने उभी असतात, असा निष्कर्ष काढला. २०११ साली दुसऱ्या संशोधकांनी चित्रे तपासली, तेव्हा त्यांना तसे आढळले नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या माळावर गुरे आहेत, शाळेत होकायंत्र आहे आणि विद्यार्थी उत्साही आहेत. वर्षभर ठरलेल्या वेळी चरणाऱ्या गुरांचे तोंड कोणीकडे आहे याची वही ठेवावी. त्याबरोबर वारा कोणत्या बाजूचा होता, सूर्य कोठे होता आणि जमिनीचा उतार कोणीकडे होता, हेही लिहावे. कारण जनावर उन्हाकडे पाठ करते, वाऱ्याचा रोख पाहते, आणि तेच चुंबकत्व समजण्याची चूक सहज होऊ शकते. उत्तर काहीही येवो, पितळेची पट्टी कशासाठी असते हे त्या मुलांना जन्मभर कळेल.

ग्रामस्थांसाठीही एक विचार आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावाने २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या साह्याने कासवांची अंडी राखण्याचे काम हाती घेतले. नुकते जन्मलेले पिल्लू प्रथम उजेडाकडे पाहून समुद्राची वाट धरते. पुळणीवर दिव्यांचा झगझगाट असेल तर ते उलट गावाकडे वळते. समुद्रात शिरल्यावर लाटा आणि मग चुंबकत्व त्याला सांभाळतात. पण त्या अदृश्य होकायंत्राचा उपयोग व्हावयाचा, तर पहिली काही पावले माणसाने बिघडवू नयेत. आपल्याकडे समुद्र नाही. पण हिवाळ्यात दूरदेशीची पाखरे जेथे उतरतात ते तलाव, पाझर तलाव आणि जुनी झाडे आहेत. हजारो किलोमीटर अचूक आलेले पाखरू मुक्कामावर पोहोचावे आणि तेथे पाणी आटवून टाकलेले किंवा जाळे लावलेले असावे, असे आपल्या गावात होऊ नये. भोरडीला ज्वारीवरून जरूर हाकलावे, तो शेतकऱ्याचा हक्कच आहे; पण बांधावरचे पिंपळ आणि पळस मात्र तिच्या रात्रीच्या मुक्कामासाठी राहू द्यावेत.

मूस यांनी ट्राम येण्यापूर्वी वेधशाळा हलविली, कारण बिघाड झाल्यावर जुने मोजमाप परत मिळत नाही हे त्यांनी जाणले होते. पशुपक्ष्यांच्या वाटांविषयी आपणही तीच दूरदृष्टी ठेवावी, आणि जे सिद्ध झाले ते मानावे, जे झाले नाही त्याचा पुरावा मागावा, एवढी माझी विनंती आहे.